'गडी नवा' लिहिणाऱ्या भावास खुले पत्र

प्रति,
कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात 'गडी' लिहून पुण्याला गेलेल्या भावास,



भावा, अभिनंदन. तू मागं ठेवून गेलास त्या 'गडी'नं गेल्या पावसाळ्यात एका फौंड्रीचा चालू डेटाबेस पुसून टाकला. बॅकअपसकट. त्यासाठी त्याला दोन शब्द पुरले आणि कुणाला एक प्रश्नसुद्धा विचारावा लागला नाही. इतक्या सुटसुटीतपणे कुणाचं नुकसान करायची सोय राजारामपुरीत आजवर कुणी करून ठेवली नसेल.

तोवर तू हिंजवडीत रुजू झाला होतास, त्यामुळं तुझ्या कानावर हे आलं नसेल असं धरून चालतो. तुझ्या निरोपाच्या दिवशी मालकांनी तुझी पाठ थोपटली होती. "यानं सगळ्यांचं काम सोपं केलं," असं म्हणाले होते. हे पत्र मी तुला एकट्यालाही पाठवू शकलो असतो. उघड लिहितोय, कारण डॉकरचे लांबलचक आदेश दोन शब्दांत आणणारी तुझी ही 'गडी'ची फाइल आता आमच्या ऑफिसापुरती राहिलेली नाही. तू ती सगळ्यांसाठी खुली केलीस, वर 'डॉकर आता एकदम सोपं' असं ठळक लिहिलंस. कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर ती फिरते आहे. पलीकडच्या गल्लीतल्या ऑफिसातही लोक रोज 'गडी चालू', 'गडी बंद', 'गडी नवा' करतात. त्यातल्या किती जणांनी ती फाइल उघडून वाचली असेल?

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी थोडं सांगतो. डॉकर चालवतं ते कंटेनर. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि सेटिंग सगळं एकत्र बांधून, मशिनवरच्या बाकीच्या गोष्टींपासून वेगळं ठेवून चालवायची सोय. कल्पना जुनी आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' होतं, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरच्या बाहेरचं काही दिसू न देणं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००२ पासून नेमस्पेस येत गेले, २००८ च्या जानेवारीत सीग्रुप आले. पण हे सुटे भाग जोडून वापरणं मूठभर जाणकारांचं काम होतं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन्टा क्लारात, पायथॉनवाल्यांच्या संमेलनात, काही मिनिटांत डॉकर दाखवलं आणि ते काम कुणालाही जमेल असं झालं. डॉकर तेव्हा स्वतःच एलएक्ससी नावाच्या जुन्या साधनावर चढवलेला सोपा थर होता. पुढं लंडनच्या एका छोट्या चमूनं 'फिग' केलं. पाच-सहा कंटेनर एका फाइलमध्ये लिहायचे आणि एका आदेशानं उभे करायचे. जुलै २०१४ मध्ये डॉकरनं तो चमूच विकत घेतला आणि 'फिग'चं 'डॉकर कंपोज' झालं.

म्हणजे या क्षेत्राचा सगळा इतिहासच अवघड आदेश सोपे करणाऱ्यांचा आहे. माझा राग सोपेपणावर नाही, हे नीट समजून घे. आमच्याकडं येणारी पोरं गडहिंग्लज, राधानगरी, कागलकडची. हुशार आहेत, पण इंग्रजीतली चार-पाच ओळींची आज्ञा पहिल्यांदा बघितली की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांना 'गडी चालू' म्हणता आलं आणि समोर काम उभं राहिलं, तर त्यांची भीड मोडते. तुझ्या 'गडी'तला तेवढा भाग चांगला होता. म्हणून तर तो इतक्या लवकर पसरला, आणि म्हणून तुझी जबाबदारी मोठी होती.

आता 'गडी नवा' बघू. मी ती ओळ उघडून वाचली तेव्हा आत काय होतं, ते सगळ्यांना कळू दे. पहिला आदेश 'डॉकर कंपोज डाऊन', त्याला 'डॅश व्ही' जोडलेलं. दुसरा 'डॉकर सिस्टिम प्रून', त्याला 'डॅश ए' आणि 'डॅश एफ' जोडलेले. मग सगळ्या इमेज, म्हणजे कंटेनर ज्यांवरून उभे राहतात ते साचे, पुन्हा उतरवून घ्यायच्या आणि कंटेनर पुन्हा उभे करायचे. नुसतं 'डाऊन' म्हटलं तर कंटेनर थांबतात आणि निघतात, पण डेटा ज्यात असतो ते व्हॉल्यूम जागेवर राहतात. 'डॅश व्ही' लावलं की कंपोजच्या फाइलमध्ये लिहिलेले व्हॉल्यूमही जातात. कंपोज त्या वेळी विचारत नाही. जे सांगितलं ते करतं. 'सिस्टिम प्रून' मात्र विचारतं. काय काय काढणार त्याची यादी देतं, खात्री आहे का म्हणून हो-नाही मागतं, आणि काही न लिहिता एंटर दाबलं तर 'नाही' धरतं. त्या प्रश्नाचं तोंड बंद करायला 'डॅश एफ' असतो. तू तो लावलास.

हे तू का केलंस तेही मला ठाऊक आहे. पोरांचे लॅपटॉप लहान डिस्कचे, जुन्या इमेज साठून साठून ते भरायचे, आणि दर वेळी तुला उठून त्यांच्या टेबलापाशी जायला लागायचं. तू वैतागला होतास. एकदाच सगळं झाडून काढणारी आज्ञा दिलीस आणि तुझी कटकट मिटली. ज्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या जागी दुसऱ्या कुणी तरी द्यायचं होतं, तो प्रश्नच तू काढून टाकलास.

इथवरही एक वेळ चाललं असतं. स्वतःच्या लॅपटॉपवरचा खेळातला डेटा गेला तर कुणाचं काय जातं? पण तू 'गडी लाइव्ह' लिहिलंस. ते चालवलं की डॉकरचा कॉन्टेक्स्ट बदलतो. म्हणजे त्यापुढचे सगळे आदेश समोरच्या लॅपटॉपवर न चालता दूरच्या, क्लायंटच्या चालू सर्व्हरवर चालतात. हा बदल त्या एका खिडकीपुरता राहत नाही. टर्मिनल बंद केलं, दुसरं उघडलं, मशिन रीस्टार्ट केलं, तरी तो तसाच राहतो. डॉकरमध्ये ही सोय २०१९ च्या उन्हाळ्यापासून आहे आणि चांगली आहे. फक्त आपण कुठं आहोत हे डोळ्यांसमोर दिसत राहायला हवं. तुझा 'गडी' ते दाखवत नव्हता. 'गडी लाइव्ह' होतं, 'गडी घरी' असं काही नव्हतं. जायची वाट तू बांधलीस, परतायची नाही.

त्या दिवशी काय झालं ते ऐक. आमच्याकडच्या एका पोरानं सकाळी 'गडी लाइव्ह' करून फौंड्रीच्या सर्व्हरचे लॉग बघितले, मालकांनी सांगितलं म्हणून. जेवण झाल्यावर तो स्वतःच्या कामाला बसला. नवा फॉर्म लिहीत होता, टेबलांची रचना बदलली होती, कोऱ्या डेटाबेसवर तपासायचं होतं. त्यानं 'गडी नवा' केलं. तूच त्याला तसं शिकवून गेला होतास. काही अडलं की 'गडी नवा' कर, हे तुझं वाक्य त्याच्या वहीत तुझ्या नावानिशी लिहिलेलं आहे. पडद्यावर एकेक ओळ आली. कंटेनर निघाला. दुसरा निघाला. व्हॉल्यूम निघाला. दुसरा व्हॉल्यूम निघाला. फोल्डरचं नाव लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर एकच होतं, त्यामुळं व्हॉल्यूमची नावंही तीच. त्याला वेगळं काही दिसायचं कारणच नव्हतं. त्यातला एक व्हॉल्यूम फौंड्रीच्या डेटाबेसचा होता. दुसऱ्यात रोज रात्री घेतला जाणारा बॅकअप होता, आणि तोही त्याच कंपोजच्या फाइलमध्ये तूच लिहिला होतास.

मग तुझ्या आदेशाचा उरलेला अर्धा भाग इमानानं चालला. इमेज पुन्हा उतरल्या, कंटेनर पुन्हा उभे राहिले, रिकामे व्हॉल्यूम तयार झाले. पोस्टग्रेसनं कोरा डेटाबेस मांडला. ॲप्लिकेशननं त्यात रिकामी टेबलं बनवली. आमच्या देखरेखीच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते. काही बिघडलंय हे आम्हाला कळलं ते फौंड्रीच्या क्वालिटी विभागातून फोन आला तेव्हा. "लॉगिन होईना झालंय बघा." होणार कसं? लॉगिन करणाऱ्यांची नावंच राहिली नव्हती.

फौंड्रीसाठी तो डेटा काय होता, हे तुला मी सांगायला नको, तू तिथं जाऊन आला होतास. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर. त्या हीटमध्ये कुठला माल किती टाकला, स्पेक्ट्रोवर कार्बन किती आला, सिलिकॉन किती आला, ओतताना तापमान किती होतं, त्या धातूची कुठली कास्टिंग झाली. गाडीचा सुटा भाग बनवणाऱ्या कंपनीला एखाद्या कास्टिंगमध्ये तडा सापडला की ती हीट नंबर विचारते. नंबरावरून नोंद काढून दाखवता आली तर तेवढी एक हीट बाजूला काढायची. दाखवता आली नाही तर सगळा लॉट संशयात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या या कागदांवर उभ्या आहेत, आणि आपण त्यांना सांगितलं होतं की कागद आता सोडा, हे सगळं आमच्याकडं सुरक्षित राहील.

त्यांनी कागद सोडला नव्हता, म्हणून वाचलो. भट्टीवरच्या सुपरवायझरनी हीट रजिस्टर लिहायचं थांबवलं नव्हतं. आपल्या माणसांनी त्यांना कित्येकदा सांगितलं होतं, "काका, हे दोनदा कशाला करताय?" ते ऐकून घ्यायचे आणि लिहायचे. ती रजिस्टरं आली, काळ्या बोटांच्या ठशांची, कडा भाजलेली. बाहेरच्या एका डिस्कवर जुनी प्रत सापडली. ती आणि रजिस्टरं यांच्यातला फरक आम्ही सगळ्यांनी रात्री बसून हातानं भरून काढला. ज्या नोंदी फक्त यंत्रातून थेट डेटाबेसमध्ये जात होत्या त्या गेल्या. त्या परत येणार नाहीत.

आता शिवाजी उद्यमनगरात चल माझ्याबरोबर. राजारामपुरीला लागूनच आहे, तुला लांब नाही. तिथल्या पॉवर प्रेसवर दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, कारण दोन्ही हात बटणावर असले की डायखाली एकही हात नसतो. काम रेंगाळतं म्हणून कुणी तरी एक बटण तारेनं कायमचं बांधून ठेवतो. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं, काम झपाझप. तार बांधणारा पाळी संपवून घरी जातो. बोटं जातात ती पुढच्या पाळीच्या पोराची, ज्याला तार बांधलेली आहे हेच माहीत नसतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राचा धोकादायक भाग झाकून ठेवायची जबाबदारी कामगारावर टाकलेली नाही. तिथं पोराला कुणी म्हणत नाही की तू हात का घातलास. विचारतात, तार कुणी बांधली?

आमच्याकडं मात्र सगळ्यांनी पोरालाच विचारलं. आधी टर्मिनल बघायला नको का? कॉन्टेक्स्ट तपासायला नको का? एवढं कसं कळत नाही? फौंड्रीच्या मालकांना पाठवलेल्या ईमेलमध्ये 'मानवी चूक' असं लिहिलं गेलं. ते दोन शब्द मला अजून सलतात. तो पोरगा महिनाभर मान वर करून बोलत नव्हता. घरी काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "काही नाही सांगितलं." घरच्यांना वाटतंय पोरगं कोल्हापुरात संगणकाचं मोठं काम करतंय. करतोयच तो. चांगलं करतोय. तुझ्यापेक्षा जास्त जपून करतोय.

तू म्हणशील, साधनाला दोष देऊन काय होणार, शेवटी दाबणारा माणूसच. तर मग २८ फेब्रुवारी २०१७ चा ॲमेझॉनचा प्रसंग आठव. त्यांच्या व्हर्जिनियातल्या एस-थ्री साठवणुकीच्या यंत्रणेतला एक माणूस नेमून दिलेल्या पद्धतीनं काही थोडे सर्व्हर काढत होता. आदेशात भरलेली एक गोष्ट चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. जवळपास चार तास अर्धं इंटरनेट लंगडत होतं. नंतर ॲमेझॉननं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात त्या माणसाचं नाव नाही. त्यांनी साधन बदललं. एकदम जास्त सर्व्हर काढू देणार नाही, गरजेपेक्षा कमी उरणार असतील तर नकार देईल, असं केलं. त्याच वर्षी, ३१ जानेवारीला, गिटलॅबच्या एका अभियंत्यानं दमलेल्या रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. पुसणारा आदेश दुसऱ्या मशिनसाठी होता, लागला मुख्य मशिनवर. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या वाटा होत्या आणि वेळेला एकही धड चालेना. सहा तासांच्या नोंदी गेल्या. त्यांनी तो सगळा प्रकार जगासमोर मांडला, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं आणि मग कुठल्या सर्व्हरवर आहोत हे स्पष्ट दिसावं म्हणून टर्मिनलच्या रंगांपासून सुरुवात केली. पोरावर ढकलून मोकळं व्हायची सोय त्यांनाही होती.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून बाकी आहे. 'सिस्टिम प्रून' हा आदेश डॉकरमध्ये आला जानेवारी २०१७ मध्ये, १.१३ आवृत्तीत. तेव्हा तो न वापरलेले व्हॉल्यूमही काढायचा. त्याच वर्षी त्यांनी ते मागं घेतलं. व्हॉल्यूम काढायचे असतील तर तसं वेगळं लिहून सांगा, असं केलं. २०२३ च्या २३.० आवृत्तीत आणखी एक पाऊल मागं सरले. वेगळं सांगितलं तरी फक्त बिननावाचे व्हॉल्यूम निघतील, ज्यांना कुणी मुद्दाम नाव दिलंय ते राहतील. म्हणजे डॉकर लिहिणाऱ्यांनीच सहा वर्षांत दोनदा आपली धारदार बाजू बोथट केली, लोकांचा डेटा जातोय हे बघून. तू मात्र व्हॉल्यूम पुसणारी वाट 'प्रून'मधून नाही मिळाली तर कंपोजमधून शोधून काढलीस, आणि वर ती दोन शब्दांत आणून ठेवलीस. शाबास रे पठ्ठ्या.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते सगळं त्याच एका सवयीतून आलंय. डॉकरच्या सॉकेटची परवानगी तू सगळ्यांना उघडी केलीस, 'सुडो लिहायचा त्रास नको' म्हणून. ज्याला डॉकरशी बोलता येतं त्याला मशिनवर रूटइतका, म्हणजे सगळ्यात वरचा, अधिकार मिळतो. डॉकरच्या कागदपत्रांत तसा इशारा लिहिलेला आहे. तू डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडा ठेवलास आणि फायरवॉल लावलंय म्हणून निर्धास्त राहिलास. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे नियम लिहितं आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम तिथं लागूच होत नाहीत. आणि रोज उठून सगळ्यांनी 'गडी नवा' केलं की प्रत्येकाला इमेज पुन्हा उतरवून घ्याव्या लागतात. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबनं बिनखात्याच्या वापराला सहा तासांत १०० वेळा इमेज उतरवायची मर्यादा घातली, आणि आमच्या अख्ख्या ऑफिसाचं इंटरनेट एकाच पत्त्यावरून जातं. दुपारी सगळ्यांचंच काम अडायचं आणि सगळे नेटवाल्याला शिव्या द्यायचे. त्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या.

चांगला मदतनीस कसा असतो हे शिकायला लांब जायला नको. जेसी डफिल्ड या ऑस्ट्रेलियन पोरानं २०१९ मध्ये 'लेझीडॉकर' लिहिलं. नावातच आळस आहे, आणि टर्मिनलमध्येच सगळे कंटेनर, लॉग, व्हॉल्यूम एका पडद्यावर मांडून देतं. एकेका अक्षरावर काम होतं. पण काही झाडून काढायचं म्हटलं की थांबून विचारतं. आळशी माणसासाठी बनवलेलं साधनसुद्धा तेवढा विचार करतं. बघायला दोन क्षण लागावेत आणि पुसायला दहा, एवढा साधा हिशेब आहे. तू दोन्हीला सारखाच वेळ ठेवलास.

'गडी' आम्ही टाकून दिला नाही. त्याच पोरानं तो पुन्हा लिहिला. मालक म्हणाले दुसऱ्या कुणाला द्या, मी म्हटलं हाच लिहील. आता कुठलाही आदेश द्या, पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत येतं की आपण कुठल्या मशिनवर आहोत, आणि क्लायंटचा सर्व्हर असला तर ती ओळ लाल. खाली डॉकरचा खरा आदेश पूर्ण छापून येतो आणि मगच चालतो. नवी पोरं तो वाचून वाचून शिकायला लागली आहेत, महिन्या-दोन महिन्यांत काही जण 'गडी' न वापरता थेट डॉकरचे आदेश लिहितात. लाइव्हवर गेलेला 'गडी' थोड्या वेळानं आपणहून लॅपटॉपवर परत येतो. 'नवा' लाइव्हवर चालतच नाही. लॅपटॉपवर चालतो, पण मराठीत विचारतो: 'या प्रोजेक्टचा सगळा डेटा पुसला जाईल. पुसायचा असेल तर प्रोजेक्टचं नाव टाइप करा.' हो-नाहीवर बोट आपोआप पडतं, पूर्ण नाव टाइप करताना माणूस वाचतो. डेटाबेसचा व्हॉल्यूम आता कंपोजच्या फाइलमध्ये 'एक्स्टर्नल' म्हणून लिहिलाय, त्यामुळं कुणी 'डाऊन'ला 'डॅश व्ही' लावलं तरी त्याला हात लागत नाही. बॅकअप दुसऱ्या मशिनवर जातो, आणि दर महिन्याला आम्ही तो उतरवून, उभा करून, त्यातल्या हीट मोजून बघतो.

यातलं काहीही तुला जमलं नसतं असं नाही. तू आमच्यातला सगळ्यात हुशार होतास, आणि म्हणून राग जास्त येतो. कमी हुशार माणसाच्या हातून एवढा पसरणारा 'गडी' लिहून झालाच नसता. तुला डॉकर आतून कळत होतं. 'डॅश व्ही' काय करतो, 'डॅश एफ' काय करतो, कॉन्टेक्स्ट कुठं लिहून ठेवला जातो, सगळं ठाऊक होतं. तुझ्या डोक्यात ते होतं म्हणून तुझ्या हातून कधी काही गेलं नाही. पण 'गडी' तू स्वतःसाठी लिहिला नव्हतास. ज्यांच्या डोक्यात ते नव्हतं त्यांच्यासाठी लिहिला होतास, आणि तुझं माहीत असणं हीच त्यातली एकमेव सुरक्षा होती. तू पुण्याला गेलास तेव्हा तीही बरोबर घेऊन गेलास.

तेव्हा दोन कामं कर. तुझ्या खुल्या फाइलवर आम्ही दुरुस्ती पाठवली आहे, तीन आठवडे ती तशीच पडून आहे. ती घे. घ्यायची नसेल तर 'नवा' आणि 'लाइव्ह' दोन्ही काढून टाक आणि वरचं 'एकदम सोपं' खोडून आत काय चालतं ते लिही. रोज नवी पोरं ती फाइल उतरवून घेतायत.

दुसरं, त्या पोराला फोन कर. माझ्यासाठी नको, मालकांसाठी नको. त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे की ती ओळ तू लिहिलीस, प्रश्न तू बंद केलास आणि बॅकअप त्याच फाइलमध्ये तू ठेवलास. तो अजूनही स्वतःलाच दोष देतोय, आणि आमच्यातल्या कुणाचं त्याला पटत नाही. तुझं पटेल, कारण तो तुला मानतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कर, तेव्हा तो मोकळा असतो. नंबर तुझ्याकडं आहे.

तुझा,
शेजारच्या टेबलावरचा